गळका चालेल, तडकलेला नको

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात, कड्या-कोयंड्यांच्या ढिगाखाली कधीतरी एक ढेरपोटी वस्तू हाताला लागते. वर उभा गोल डबा, त्याखाली आडव्या पिंपासारखं पोट, स्क्रूसाठी बाहेर आलेले कान आणि डोक्यावर गंजून घट्ट झालेला लोखंडी हात. विकणाऱ्यालाही ती पंपाचा भाग वाटते. असतो तो बिडाचा जुना डोअर क्लोजर, म्हणजे उघडं दार आपोआप, सावकाश लावणारं यंत्र. अमेरिकेत याला पॉटबेली म्हणतात, आपण ढेरपोट्या म्हणू. पोटावर नॉर्टन, येल, कॉर्बिन, रसविन, सार्जंट, एलसीएन यांपैकी एखादं नाव ओतलेलं असतं. तिकडे बोस्टन-शिकागोकडे जुन्या इमारतीत राहणाऱ्या मराठी मंडळींना तो कधी कधी जिन्याच्या दारावर आयताच मिळतो, रंगाच्या पाच-सात थरांखाली. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या मालाचं नाही, या सगळ्या जातीचं आहे, कारण दुरुस्तीच्या बाबतीत ही सगळी भावंडंच.

निकाल आधी. अभ्यासिकेचं दार, दुकानाचं जाड सागवानी दार, जुन्या बंगल्यातलं ऑफिस, इथे बेलाशक घ्या. फायर डोअरला (आग अडवणाऱ्या दाराला), काचेच्या दाराला आणि म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या वाटेतल्या दाराला घेऊ नका. आणि नुसता गळतोय म्हणून परत ठेवू नका. गळती हातभर पॅकिंग दोरीने थांबते. बिडाला गेलेला तडा मात्र कशानेच धड बुजत नाही.

थोडा खानदानाचा उल्लेख करायला हवा, कारण खरेदीत तो कामी येतो. कॉर्बिन आणि रसविन (म्हणजे रसेल अँड अर्विन) या दोन्ही कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन गावच्या कंपन्या. 1902 मध्ये त्या अमेरिकन हार्डवेअर कॉर्पोरेशन या एकाच छत्राखाली आल्या. येल अँड टाउनचा जुना क्लोजर ‘ब्लाउंट’ नावाने विकला जाई, त्यामुळे विक्रेता ब्लाउंट म्हणाला तर येलच्या घरातलाच समजा. लुईस सी. नॉर्टन यांनी सुरुवात केली ती हवेवर चालणाऱ्या क्लोजरने, बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चच्या आपटणाऱ्या दारांसाठी. एलसीएन ही तीन अक्षरं त्यांच्याच नावाची. पोटावर पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतील तर सगळ्यात शेवटची तारीख वाचा. वस्तू त्याच्या आधीची असू शकत नाही, नंतरची कितीही असू शकते. ‘1890 चा आहे’ असं सांगणाऱ्याला ती तारीख बोटाने दाखवली की किंमत जरा जमिनीवर येते.

आतली रचना समजली की पुढचं सगळं सोपं. वरच्या डब्यात स्पिंडलभोवती, म्हणजे ज्यावर हात बसतो त्या उभ्या दांड्याभोवती, पिळाची जाड स्प्रिंग असते. तिचं एक टोक स्पिंडलला अडकवलेलं, दुसरं वरच्या दातेरी चाकाला, आणि ते चाक मागे फिरू नये म्हणून एक खिट्टी. खालच्या पोटात तेल आणि पिस्टन. स्पिंडल फिरलं की पिस्टन सरकतो, काही बनावटींत क्रँकने, काहींत दातेरी पट्टीने. दार उघडताना पिस्टनमधली पोलादी गोळी बाजूला होते आणि तेल पलीकडे सहज जातं. दार सोडलं की स्प्रिंग स्पिंडल उलटं फिरवते, गोळी आपल्या जागी बसते आणि तेलाला परतायला एकच वाट उरते: टोकदार व्हॉल्व्ह स्क्रूने अरुंद केलेलं भोक. दार किती वेळात लागेल हे ते भोक आणि तेलाचा पातळपणा मिळून ठरवतात, बाकी कोणी नाही.

आता खरेदी. पहिली तपासणी तड्याची. कान आणि पोट जिथे मिळतात तो कोपरा, स्क्रूच्या भोकांच्या कडा आणि आडव्या पिंपाच्या झाकणांचे आटे, या तीन ठिकाणी बीड तडकतं. बीड वाकत नाही. उंचसखल लाकडावर कोणी स्क्रू आवळत गेलं की कान सरळ तुटतो. जागा घासून साफ करा, रॉकेल किंवा डब्ल्यूडी-40 लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल खडूतून वर येतं आणि केसासारखी काळपट रेघ उमटते. अशी रेघ पोटावर दिसली तर तिथेच सोडा. फक्त कानावर असेल तर पितळी झाळ चालते, पण आधी अख्खा भाग सावकाश तापवून नंतर तितकाच सावकाश गार करणारा कारागीर हवा; साध्या वेल्डिंग रॉडने झालेला जोड शेजारीच नवा तडा पाडतो.

दुसरी गोष्ट, हात आणि चौकटीवर बसणारा पाय दोन्ही सोबत आहेत ना ते बघा. एका कंपनीचा हात दुसरीच्या स्पिंडलवर बसेलच असं नाही. चौकोनाचं माप आणि उतार वेगळे असतात. पाय हरवला असेल तर 6 मिमी पट्टीतून फिटर बनवून देतो, ते चालतं. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत ओतून घ्यायचा विचार असेल तर जुनाच पाय साचा म्हणून देऊ नका. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे 100 मिमीचा तुकडा 99 चा होऊन येतो आणि भोकं चुकतात. साच्याला तेवढी वाढ द्यावी लागते.

तिसरी गोष्ट दिशेची, आणि सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. पिळाची स्प्रिंग एकाच दिशेने काम करते, त्यामुळे यातले बरेच क्लोजर एकतर उजव्या दाराचे असतात नाहीतर डाव्या. उजवं-डावं ठरवायच्या पद्धती देशागणिक बदलतात, म्हणून त्या शब्दांवर विश्वास ठेवू नका. वरून पाहिलं तर हात कोणत्या दिशेने फिरवताना जोर लागतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने की उलट, एवढंच विचारा. घरी कागदावर दार, क्लोजर आणि हात वरून काढा, दार उघडताना हात क्लोजरच्या हिशोबाने कुठे वळतो तो बाण काढा, आणि दोन्ही जुळवा.

शेवटी हात फिरवून बघा. जोर लागून फिरला आणि सोडल्यावर सावकाश परत आला तर उत्तम. झटकन परत आला तर तेल संपलंय, हरकत नाही. परतच आला नाही तर स्प्रिंग तुटलीय किंवा खिट्टी सुटलीय. दुसरं असेल अशी आशा करा आणि पैसे पहिल्याचे द्या. हललाच नाही तर बहुधा तेलाचा चिकट गोळा झालाय, तो निघतो.

उघडण्याआधी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून करायची: स्प्रिंगचा ताण उतरवणे. ताण असताना वरचं झाकण सोडलं तर पाना हातातून सुटून मनगट मोडू शकतं. क्लोजर बेंच व्हाइसमध्ये पक्का धरा, पण कानांना नाही, पोटाच्या सपाट भागाला, दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे घालून. दातेरी चाकाच्या नटवर घट्ट बसणारा लांब पाना लावा, ताणाच्या दिशेने किंचित पुढे न्या म्हणजे खिट्टी सैल होते, ती स्क्रू ड्रायव्हरने उचला आणि पाना हाताने धरूनच एक दात मागे येऊ द्या. खिट्टी परत टाका. पुन्हा तेच. किती दात मागे आलात ते पाटीवर मांडत चला, जोडताना तोच आकडा लागतो. अ‍ॅडजस्टेबल पाना इथे वापरू नका. तो घसरतो, आणि तो घसरायचा क्षण नेमका खिट्टी वर असतानाचा असतो. चेहरा चाकाच्या वर कधीच आणू नका.

ताण गेला की व्हॉल्व्ह स्क्रू काढा (त्याआधी तो पूर्ण आत जायला किती फेरे लागतात ते मोजा), भरायचं झाकण उघडा आणि तेल भांड्यात ओता. त्यातला एक थेंब ग्लासभर पाण्यात टाका. तरंगला तर खनिज तेल. तळाशी जाऊन ढवळताच विरघळला तर ग्लिसरीन, खूप जुन्या क्लोजरांत तेच भरत. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ग्लिसरीनवर तेल ओतलं तर दोन्ही मिसळत नाहीत आणि वर ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून आतून गंज धरवतं. ग्लिसरीन निघालं तर आतून गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग पूर्ण वाळवा. तेल निघालं तर नुसतं रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन पुरतं. पिस्टनला चामड्याची वाटी दिसली तर तिला द्रावक लावू नका, नुसती पुसून तेलात रात्रभर भिजत ठेवा.

घट्ट झाकण सोडवायला गॅसचा बर्नर लावायची घाई नको. आत तेल असताना बंद पोट तापवणं धोक्याचं आहे. तेल काढल्यावरही हॉट एअर गनची ऊब आणि दोन दिवस मुरवलेलं गंज-सोडव तेल यांनीच काम भागतं. रंगाची गोष्ट वेगळी: अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली, म्हणजे त्याआधीचे थर शिशाचे असू शकतात. कोरडं घासू नका, पेंट रिमूव्हर लावून ओलं खरवडा. सँडब्लास्टिंगवाल्याकडे तर अख्खा क्लोजर मुळीच देऊ नका. वाळू स्पिंडलवर आणि आट्यांत गेली की सगळा खेळ संपला.

गळती बहुतेक वेळा स्पिंडल बाहेर येतं तिथून असते. तिथल्या ग्लँड नटखाली (दोरी दाबून धरणाऱ्या नटखाली) जुनी दोरी भरलेली असते. ती ओली करूनच उकरा, त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आता स्पिंडलवरून नखाची कड खालून वर फिरवा. नख अडकलं नाही तर 400 आणि मग 600 नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून, स्पिंडलभोवती गोल फिरवत घासा. उभं घासलं तर प्रत्येक ओरखडा तेलाला वर चढायची पन्हळ होतो. नख अडकलं तर लेथवर काम आहे. पॅकिंगसाठी ग्राफाइटची विणलेली दोरी किंवा टेफ्लॉनची दोरी, स्पिंडलभोवतीच्या फटीच्या मापाची. एकच लांब दोरी गुंडाळू नका. एकेक वेढा तिरपा कापून वेगळी कडी करा, आणि प्रत्येक कडीचा सांधा आधीच्या सांध्याच्या विरुद्ध बाजूला येऊ द्या. ग्लँड नट हाताने आवळा, त्यावर पान्याने पाव फेरा, बस. जास्त आवळलं की स्पिंडल जखडतं, दार शेवटची दोन बोटं लागायचं राहतं, आणि लोक त्याचा दोष स्प्रिंगला देतात.

झाकणांची गॅस्केट तेल सोसणाऱ्या गॅस्केट पेपरची, साधारण 0.8 मिमी, घरी कापता येते. ओ-रिंग बसवायची असेल तर नायट्राइलची. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावण्याचा जुगाड करू नका, खनिज तेलात ते रबर फुगतं आणि महिन्या-दोन महिन्यांत लगदा होतं. स्क्रू बदलताना आटे बघा. हे अमेरिकन माप आहे: पाव इंची स्क्रूला इंचात 20 आटे, म्हणजे आट्यामागे 1.27 मिमी. आपला एम-6 दिसायला तसाच, पण त्याचं अंतर 1 मिमी. दोन फेरे जातो, मग जोर लावला की बिडाचे आटे कापत जातो.

तेल कोणतं? आयएसओ 32 चं हायड्रॉलिक तेल, दुकानात जॅक ऑइल म्हणून मिळणाऱ्यांत हे असतं. 32 हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा, 40 अंश सेल्सिअसला मोजलेला असतो. 20 अंशांना तेच तेल दुपटीहून जास्त घट्ट होतं. म्हणून पुण्यात मे महिन्यात बरोबर लागणारं दार डिसेंबरच्या पहाटे रेंगाळतं, आणि शिकागोच्या न तापवलेल्या जिन्यात तर मध्येच थांबून राहतं. तिकडच्या मंडळींनी गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल घ्यावं; ते थंडीत इतकं घट्ट होत नाही. ब्रेक ऑइल कुठेच नाही. ते रंग खातं आणि पाणी ओढतं. इंजिन ऑइल 20डब्ल्यू-50 ही दुसरी नेहमीची चूक, त्याने दार लागायला कंटाळतं आणि मग माणूस व्हॉल्व्ह सताड उघडून ठेवतो. लिटरची एक बाटली आणा, उरेल.

भरणं हे संयमाचं काम आहे. क्लोजर उभा धरा, भोकाच्या कडेपर्यंत तेल ओता, हात बसवून स्पिंडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या आणि परत आणा. गुडगुड आवाज येतो, बुडबुडे वर येतात, पातळी खाली जाते. पुन्हा भरा. पहिले पाच-सहा फेरे बुडबुडे मोठे असतात, नंतर मोहरीएवढे होतात. ते पूर्ण थांबेपर्यंत करत राहा. मध्ये अर्धा तास तसंच ठेवलं तर अडकलेली हवा आपोआप वर येते. शेवटी काठोकाठ न ठेवता पाच-सहा मिमी जागा सोडा. तेल उन्हाळ्यात फुगतं, आणि जागा नसली तर ते नव्या पॅकिंगमधून वाट काढतं. हवा राहिली की ओळखायची खूण पक्की: दार सोडल्यावर थोडं अंतर सैल, धावत येतं, मग एकदम पकड बसून हळू होतं.

दारावर चढवण्याआधी दार तपासा. क्लोजर नसताना दार एका बोटाने हललं पाहिजे आणि चौकटीत न घासता गेलं पाहिजे. ढिल्या बिजागऱ्या आणि पावसाळ्यात फुगलेलं लाकूड यांवर स्प्रिंगचा ताण वाढवणं हा उपाय नाही, तो बिजागऱ्यांचे स्क्रू उपटायचा मार्ग आहे. वजन चार-पाच किलोपर्यंत असतं, तेव्हा पोकळ फ्लश डोअरला आरपार बोल्ट लागतात. भरीव सागवानाला नंबर 14 चे लाकडी स्क्रू, आधी भोक पाडून. कानांखाली फट दिसली तर पत्र्याचा तुकडा घाला, स्क्रूने ओढून फट मिटवू नका. मूळ बसवणी दार आपल्याकडे ओढतो त्या बाजूची आहे. हाताची पुढची कांडी सरकती असते. दार बंद असताना ती चौकटीला काटकोनात येईल इतकी लांब ठेवा आणि मग तिचा स्क्रू आवळा.

ताण कमीत कमी दातांपासून सुरू करा. कुलपाची जीभ खटकन बसेपर्यंत एकेक दात वाढवा, तिथे थांबा. उतरवताना मोजलेला आकडा हा फक्त अंदाज. तो आधीच्या दाराचा होता. वेग व्हॉल्व्हने, एका वेळी आठवा भाग फेरा, आणि प्रत्येक बदलानंतर दार तीनदा सोडून बघा. 90 अंशांपासून पाच ते सात सेकंद हा चांगला वेग आहे. अमेरिकेच्या एडीए नियमांतही (अपंगांच्या सोयीसाठीच्या) 90 अंशांपासून 12 अंशांपर्यंत यायला किमान पाच सेकंद मागितले आहेत. त्याच नियमांत आतल्या दाराला उघडायचा जोर 22.2 न्यूटनच्या आत लागतो, आणि ताण भरलेला मोठा ढेरपोट्या तिथे सहज नापास होतो. म्हणून म्हाताऱ्यांच्या वाटेत नको म्हटलं.

उणिवा अजून आहेत. बहुतेकांत बॅकचेक नाही, म्हणजे वाऱ्याने दार भिंतीवर फेकलं तर क्लोजर अडवत नाही. जमिनीत किंवा भिंतीवर रबरी स्टॉपर हवाच, नाहीतर हाताच्या सांध्याची पिन पहिली जाते. मापं 1 ते 6 अशी पोटावर असतात, पण ती क्लोजरसाठीच्या आजच्या युरोपीय मानकाच्या, ईएन 1154 च्या, मापांशी जुळतात असं धरू नका. तिथे माप 3 म्हणजे 950 मिमी रुंद आणि 60 किलोपर्यंतचं दार, आणि फायर डोअरला किमान तेच लागतं, तेही चाचणी झालेलं आणि कागदपत्रांसह. ढेरपोट्याकडे तसे कागद नसतात. विमा कंपनीचा माणूस किंवा अग्निशमन अधिकारी त्याच्या वयाचं कौतुक करणार नाही.

त्याच्या समोर आजचा ॲल्युमिनियमचा क्लोजर ठेवला तर तो हलका, दोन्ही दिशांना चालणारा, लागण्याचा आणि शेवटच्या झटक्याचा वेग वेगळा लावता येणारा. रोजच्या सोयीत तो जिंकतो, यात वाद नाही. पण गळायला लागला की स्वस्तातला नवा क्लोजर कोणी उघडत नाही. काढून भंगारात आणि त्याच भोकांवर दुसरा. ढेरपोट्याचं प्रत्येक झाकण पान्याने उघडावं म्हणूनच आटे पाडून बनवलंय. शेवटच्या वीतभर अंतरातली त्याची चालही वेगळी आहे: जड दार न डगमगता सरकत येतं आणि जीभ बसल्याचा एकच आवाज होतो.

एकदा नीट बसवला की वर्षातून एकदा हाताच्या सांध्यांना तेलाचा थेंब, कानांचे स्क्रू, आणि ग्लँड नटखाली बोट फिरवून बघणं. बोट नुसतं तेलकट झालं तर नटला आठवा भाग फेरा द्या. थेंब ओघळला तर पॅकिंग. पावसाळ्यात दार अडखळू लागलं तर व्हॉल्व्हला हात लावू नका, आधी दाराची कड चौकटीला कुठे घासते ते बघा. जुलैत बदललेला व्हॉल्व्ह ऑक्टोबरमध्ये दार आपटतो.